लेकराचं उत्तर वेगळं आलं तर ‘मोकळ्या मनानं ऐका’ म्हणजे नेमकं काय करायचं? (जि. प. शाळा, चौथी-पाचवी)

कोरडवाहू_गुरुजी (परभणी जिल्हा)

‘मुलांची उत्तरं मोकळ्या मनानं ऐका’ हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात असतं आणि त्याला कोणाचीच ना नसते. अडतं ते दुसऱ्या दिवशी वर्गात. चौथी-पाचवी एकत्र, ३८ लेकरं, तासिका ३५ मिनिटांची. ऐकायचं म्हणजे किती, आणि ऐकून झाल्यावर त्या उत्तराचं करायचं काय, हे कोणी सांगत नाही.

नेमकं विचारतो. ५२ − २७ फळ्यावर दिलं. एका पाटीवर नुसतं २५, हातचा कुठंच नाही. दुसऱ्या पाटीवरही २५, पण वरच्या ५ चा ४ करायच्या ऐवजी खालच्या २ शेजारी बारीक ३ लिहिलाय. तिसऱ्या पाटीवर ३५. पहिल्या दोघांना बरोबर द्यायचं, की ‘शिकवलं तसंच कर’ म्हणायचं?

पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहिणारी लेकरं चौथीतही आहेत. अठ्ठ्याण्णवच्या पुढं एकानं ‘एकोणशंभर’ म्हटलं की सगळा वर्ग हसतो. परिसर अभ्यासात ‘तूर कोणत्या हंगामातलं पीक?’ याला उत्तर येतं, ‘रब्बी, कारण थंडीत काढतेत.’ ‘उन्हाळा का होतो?’ याला अर्ध्या वर्गाचं उत्तर, ‘सूर्य जवळ येतो.’ आणि भाषेच्या वहीत ‘लेकरं शाळेत जायलेत’.

सगळंच चालवून घेतलं तर शिकवायचं काय राहिलं? सगळंच खोडलं तर लेकरू पुन्हा तोंड उघडत नाही. तत्त्वज्ञान नको. पाटी, वही, फळा यांवर काय करायचं ते सांगा.

पाटीवरचं_गणित

गुरुजी, तुमच्या तीन पाट्या म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिघांना एकच नियम लावू नका. मोकळं मन म्हणजे ‘चालतंय’ म्हणणं नव्हे. निकाल द्यायच्या आधी उत्तर कुठल्या वाटेनं आलं ते बघायचं, एवढंच. त्याला एका पाटीमागं अर्धा मिनिट लागतो.

पहिली पाटी. ‘कसं काढलंस?’ विचारलं की बहुतेक असं काही बाहेर येतं: २७ ला ३ घातले की ३०, तिथून ५० ला २०, वर २, वीस, तीन आणि दोन, पंचवीस. ही दुकानदाराची सुट्टे परत द्यायची पद्धत. आठवडी बाजारात बसणाऱ्या घरचं लेकरू ती शाळेच्या आधीच शिकलेलं असतं. नाहीतर असं: ५० तून २० गेले ३०, २ तून ७ काढायला ५ कमी पडले, ३० तून ते ५ गेले, २५. हे दुसरं ऐकताना आपला हात खोडायला जातो, कारण ‘२ तून ७ जात नाहीत’ हे आपणच शिकवलेलं असतं. पण वाट पक्की आहे, कुठल्याही संख्येला चालते.

दुसरी पाटी. वरच्या २ ला दहा देऊन १२ केले, म्हणून खालच्या २७ लाही दहा दिले. २ चे ३ झाले. दोन्हीकडं सारखंच वाढवलं, फरक तोच राहिला: ६२ − ३७ सुद्धा २५ च. जुनी शिकलेली काही माणसं अशीच वजाबाकी करतात, त्यामुळं हे घरून आलेलं असू शकतं. दोन्ही मांडण्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि एकच प्रश्न विचारा: दहा आले कुठून? एकीकडं वरच्याच घरातून आले, दुसरीकडं दोन्ही घरांत बाहेरून घातले. एवढं कळलं की झालं. दोन्ही मांडण्यांची एकाच गणितात सरमिसळ मात्र होऊ देऊ नका. वरच्या ५ चा ४ पण केला आणि खालच्या २ चा ३ पण केला, की उत्तर १५ येतं.

तिसरी पाटी, ३५. इथं लेकरू नियम पाळतंय, पण नियमच चुकीचा आहे: ‘लहान अंक मोठ्यातून काढायचा, वर असो की खाली.’ खात्री करायला लगेच ४० − १७ द्या. ३७ आलं तर तोच नियम. ३० आलं तर ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य’ हा निराळा नियम. ३३ आलं तर दहा घेतले, पण ४ चा ३ करायचा राहिला. तीन चुका, तीन कारणं. सरसकट ‘परत सोडव’ म्हटलं तर तिघांचीही तीच उत्तरं परत येतात, फक्त अक्षर सुधारतं.

उपाय पैशाशिवायचा आहे. तुऱ्हाटीचे बोटभर लांबीचे ६० तुकडे, दहा-दहाच्या गड्ड्या रबर लावून. ३७ आणि ३० वाल्यांसमोर चार गड्ड्या ठेवा आणि म्हणा, ‘सतरा दे.’ एक गड्डी तर ते लगेच देतं. सुट्या सात मागितल्या की दुसरी गड्डी सोडावीच लागते. तो रबर काढायचा क्षण म्हणजेच हातचा. ३३ वाल्याला रबर काढल्यावर आधी ‘गड्ड्या आता किती राहिल्या?’ एवढंच विचारा. त्याला बाकी सगळं येतंय.

वेगळी पण बरोबर पद्धत आली की तिला तीन कसोट्या लावा. दुसऱ्या आकड्यांना चालते का? तीन अंकी संख्येला चालते का? आणि लिहिलेलं बघून शेजारच्याला कळतं का? तोंडी पद्धतवाली लेकरं बहुधा तिसऱ्यात अडतात. त्यांना एक आडवी रेघ द्या: त्यावर २७, ३०, ५०, ५२ असे टप्पे, मधल्या उड्यांवर ३, २०, २. झालं लेखी.

एक खबरदारी घ्याच. ‘कसं काढलंस?’ हा प्रश्न फक्त चुकल्यावर विचारला तर आठ दिवसांत वर्गाला कळतं की ‘कसं’ म्हणजे ‘चुकलं’. मग विचारायचा अवकाश, पोरगं आधी पाटी पुसतं. बरोबर उत्तरवाल्यांनाही तितक्याच वेळा विचारा.

सीमेवरची_शाळा (देगलूरकडं)

पंचवीसचं ५२ का होतं ते शब्दातच आहे. पंच-वीस: कानावर आधी पाच येतात, हात आधी पाच लिहितो. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. आमच्या बाजूला घरी तेलुगू असलेल्या लेकराला ‘इरवै ऐदु’ म्हणजे वीस-पाच सवयीचं असतं, उमरग्याकडं कन्नड घरात ‘इप्पत्तैदु’, तेही वीस-पाचच. अशा लेकराला मराठी संख्यानाम उलटं वाटतं, आणि त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर ते उलटंच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनं आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. पण त्यामागची अडचण हीच होती. जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम.

वर्गात दोन्ही नावं वापरता येतात. आधी ‘वीस पाच’ म्हणत दोन गड्ड्या आणि पाच सुट्या काड्या मांडायच्या, मग लिहायचं, मग ‘यालाच पंचवीस म्हणतात’ म्हणून नाव द्यायचं. क्रम हाच: मांडणं, लिहिणं, नाव. आपण नेमकं उलटं करतो, नाव सांगून थेट लिहायला लावतो. पुठ्ठ्याचे पत्तेही करा. २० चं पान रुंद, ५ चं पान त्याच्या निम्म्या रुंदीचं; ५ चं पान २० मधल्या शून्यावर ठेवलं की २५ दिसतं, आणि उचललं की खाली वीसच असतात. सुरुवातीला २२ सोडून २१ ते २९ आणि १२, १३, १५ अशा उलटल्यावर दुसरीच संख्या होणाऱ्या जोड्या घ्या. २२, ३३ घेऊन काही निदान होत नाही, उलटं लिहिलं तरी तेच दिसतं.

आता ‘एकोणशंभर’. त्या पोराला शाबासकी द्या, हसणाऱ्यांना थांबवा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणऐंशी, एकोणनव्वद. प्रत्येक वेळी ‘एक उणे’. त्यानं नियम ओळखून तो पुढं नेला. अडलं ते भाषेत: मराठीत नव्व्याण्णव म्हणायची रीत पडली आहे. त्याला सांगायचं ते असं, ‘तुझा हिशोब बरोबर, लोक मात्र नव्व्याण्णव म्हणतात.’ आणि हेच वर्गासमोर फळ्यावर लिहा. निम्म्या लेकरांना ‘एकोण’ म्हणजे एक उणे हे तेव्हा पहिल्यांदा कळतं.

भाषेच्या वहीचं. ‘लेकरं शाळेत जायलेत’ हे वाक्य व्याकरणाला धरूनच आहे, फक्त ते लातूर-नांदेडच्या बोलीचं व्याकरण आहे. फळ्याचे दोन भाग करा, डावीकडं ‘घरचं’, उजवीकडं ‘पुस्तकाचं’. जायलेत : जात आहेत. करायलाव : करत आहोत. काहून : का. लेकरांकडून दोन्ही रकाने भरून घ्या, रोज पाच जोड्या, दहा मिनिटं. तीन आठवड्यांत जोड्या शंभराच्या आसपास जातात. मग लेखनात ‘घरचं वाक्य पुस्तकाच्या रकान्यात न्या’ एवढं म्हटलं की पुरतं. ‘अशुद्ध’ हा शब्द लागतच नाही.

परिसर अभ्यासाच्या उत्तरात बोलीभाषेचे गुण कापू नका. तिथं विहीर कशी भरते ते विचारलंय. भाषेच्या पेपरात पुस्तकी रूप मागा, आणि तसं आधी सांगून मागा.

अजून एक बघा. घरी दखनी बोलणारं लेकरू ‘माझा पुस्तक’ म्हणतं, कारण त्याच्या भाषेत लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाही. तेलुगूत एकवचनी क्रियापदात बाई आणि वस्तू एकाच गटात पडतात, म्हणून तिकडचं लेकरू ‘ताई आलं’ म्हणालं तर दचकू नका. दोघांचंही ‘लिंग चुकतंय’ असं आपण लिहितो, पण दोघांना शिकवायचं वेगळं आहे. पहिल्याला ‘ते’वाल्या वस्तूंची यादी, दुसऱ्याला माणसांसाठी ‘तो’ आणि ‘ती’.

सराववाला (लातूर)

वरचं सगळं वाचलं. छान आहे, पण शिष्यवृत्तीच्या पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. एका प्रश्नाला ७२ सेकंद, त्यातच वाचणं आणि गोल रंगवणं. तिथं पोरगं आडवी रेघ मारून २७ वरून ३० वर, ३० वरून ५० वर उड्या मारत बसलं तर पेपर अर्धाच होणार. लातूर पॅटर्नला नावं ठेवणारे खूप आहेत, पण त्यानं एक गोष्ट दाखवली: एकच पद्धत, भरपूर सराव, ठरलेल्या वेळेत चाचणी, आणि चुकलेला प्रश्न लगेच परत. शेतकऱ्याचं पोरगं त्यावर मेडिकल-इंजिनिअरिंगला गेलं. चार पद्धती दाखवल्या की हुशार पोरगं खूश होतं आणि मधलं गोंधळतं. गोंधळणाऱ्याचं काय?

पाटीवरचं_गणित

गोंधळाचा मुद्दा खरा आहे, आणि तो होतो कधी तेही सांगतो. शिक्षकानं आपण होऊन चार पद्धती शिकवल्या की गोंधळ होतो. लेकरांकडून आल्या असतील तेवढ्याच फळ्यावर घ्यायच्या, एका दिवशी दोनाच्या वर नाही, आणि प्रत्येकीला ती काढणाऱ्याचं नाव द्यायचं.

दार कायम उघडं ठेवायचं नसतं. नव्या क्रियेचे पहिले चार-पाच तास पद्धती उघड्या. त्यानंतर प्रत्येकानं एक लेखी पद्धत निवडायची आणि पुढचे दोन आठवडे तीच, घड्याळ लावून. मधल्या लेकराला निवडता येत नसेल तर पुस्तकातली त्याची. सराव हवाच, त्यात तुमच्याशी भांडण नाही. पण ३५ उत्तर काढणाऱ्याकडून दोनशे गणितांचा सराव करून घेतला तर तो चुकीचा नियम दोनशे वेळा गिरवतो. आधी निदान, मग सराव, हा क्रम उलटला की मेहनत वाया.

वेगाचं म्हणाल तर १००० − ९९७ हातच्यानं सोडवायला दोन शून्यं ओलांडावी लागतात आणि तिथंच चुका होतात. उडी मारणारं पोरगं ३ सांगून मोकळं. ७२ सेकंदांत कुठली पद्धत कुठं वापरायची हे ओळखणं हाही सरावाचाच भाग धरा.

सराववाला (लातूर)

आधी निदान मग सराव, हे मान्य. पण निदानाला तीनच गणितं ठेवा, तीस नको. मास्तर लोक निदान करता करता सत्र संपवतात.

काठी_आणि_सावली

विज्ञानाच्या दोन उत्तरांबद्दल. दोन्ही चूक, पण चुकीची जात वेगळी.

तुरीचं उत्तर घ्या. ‘थंडीत काढतेत’ हे शंभर टक्के खरं आहे. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, हे लेकरानं डोळ्यानं बघितलंय. त्याला एवढंच माहीत नाही की हंगाम पेरणीवरून ठरतो, काढणीवरून नाही. त्यामुळं वहीत फुली न मारता ‘पेरणी कधी?’ असं लिहा. मग फळ्यावर तीन रकाने: पीक, पेरणी, काढणी. तूर जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारी. हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च. सोयाबीन, कापूस, मूग, गहू त्यांनाच भरू द्या, घरी विचारून. कापूस आला की तुरीसारखाच वाद होतो, वेचणी थंडीतही चालते ना! तेव्हा नियम लेकरंच सांगतात.

आणि ज्वारी आली की तुम्हीही सावध राहा. पुस्तकात एकाच रकान्यात असेल, पण आपल्याकडं ती दोन्ही हंगामांत होते. परभणी-नांदेडकडं खरीप ज्वारी, बीड-धाराशिवकडं सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी, जिचा हुरडा आपण थंडीत खातो. बीडच्या लेकरानं ‘रब्बी’ लिहिलं आणि उत्तरसूचीत ‘खरीप’ असलं तर उत्तरसूची बाजूला ठेवा. मोकळं मन लेकराबद्दल जसं लागतं तसं छापील कागदाबद्दलही लागतं.

‘सूर्य जवळ येतो’ हे मात्र सरळ चुकीचं आहे, आणि ते सांगून जात नाही. चुलीजवळ गेलं की चटका बसतो, या रोजच्या अनुभवावर ते उभं आहे. ‘चूक, लिहून घ्या, अक्ष कललेला आहे’ म्हटलं तर लेकरू पेपरात अक्ष लिहितं आणि मनात चूल ठेवतं. आधी त्याच्याच म्हणण्याचा पुढचा टप्पा विचारा: पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली तर उन्हाळा कुठं होईल? ‘सगळीकडं.’ मग २६ डिसेंबरला मेलबर्नला कसोटी सुरू होते, तिथले प्रेक्षक टोप्या घालून उन्हात बसलेले असतात, आणि त्याच दिवशी आपण शेकोटीला असतो, हे कसं? ही अडचण त्यांना स्वतःला जाणवू द्या, लगेच सोडवू नका. त्यानंतर आकडे: पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाख. म्हणजे आपल्या थंडीतच जवळ.

मग अक्ष कलण्याचा परिणाम, म्हणजे थंडीत तिरपं आणि उन्हाळ्यात जवळपास सरळ पडणारं ऊन, काठीच्या सावलीनं दाखवा. मीटरभर सरळ काठी, ओळंबा लावून उभी, सपाट जागेत. पावणेबारा ते एक, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा. सगळ्यात आखूड सावली मोजायची. बाराच्या ठोक्याला ती मिळत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि लातूर त्याच्या सहा अंश पश्चिमेला, म्हणून २१ जून आणि २२ डिसेंबरच्या आसपास ती साधारण १२:२० ते १२:२५ च्या सुमाराला येते. लातूरच्या अक्षांशाला २२ डिसेंबरची सावली सुमारे ८९ सेंटिमीटर, उत्तरेकडं. २१ जूनची जेमतेम ९ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडं! ढगांनी दगा दिला तर दोन-चार दिवस मागं-पुढं करा, फरक नगण्य असतो. काठी तिरपी असली की मात्र सगळं बिघडतं. एका अंशाच्या तिरकेपणानं दोनेक सेंटिमीटर इकडचे तिकडं होतात.

ज्यांना वाटतं रोज बाराला सूर्य डोक्यावर असतो, त्यांचीही यात परीक्षा होते. आपल्या पट्ट्यात तो बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, मेच्या मध्याच्या आसपास एकदा आणि जुलैच्या अखेरीकडं एकदा.

घरच्या समजुतींचं वेगळं आहे. ‘नाग दूध पितो’ हे वर्गात तपासता येत नाही, तपासूही नये. ‘तुझ्या वडिलांना काही कळत नाही’ असा सूर लावायचा नाही, आणि ‘असेल बुवा’ असंही म्हणायचं नाही. साप सस्तन नाही, दूध हे त्याचं अन्न नाही, तहानलेला कोंडलेला साप पुढं आलेलं कुठलंही पातळ पिऊ शकतो, हे सरळ सांगायचं आणि पुढं जायचं.

कोरडवाहू_गुरुजी (परभणी जिल्हा)

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं ३५ मिनिटांत कसं बसवायचं? आणि पालक वही बघतात. त्यात बरोबर-चूक दिसलं नाही की ‘मास्तर वह्या तपासत नाहीत’ म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघतो.

केंद्रातल्या_मॅडम (हिंगोली)

वेळेचं असं करा. सगळ्या ३८ पाट्यांची वाट ऐकायची नाही. पाट्या एकदम वर करायला लावा, एका नजरेत उत्तरांचे तीन-चार ढीग दिसतात. प्रत्येक ढिगातून एक लेकरू, एकूण तीन, दोन-दोन मिनिटं. पाच मिनिटं काड्या किंवा पडताळणी. उरलेला तास सराव. दुसऱ्या इयत्तेला तेवढ्या वेळात लेखी काम द्या, ते आधीच फळ्यावर लिहिलेलं पाहिजे. ऐनवेळी लिहायला गेलात की पाच मिनिटं तिथंच जातात.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तोच वेळ तीन सेकंद केला तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, गप्प लेकरंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, फळ्यापुढं उभं राहिल्यावर फार लांब वाटतात. तेवढ्यात खिडकीपर्यंत चालत जा. उत्तर आल्यावरही थांबा, लगेच ‘बरोबर’ म्हणालात की मागच्या बाकाचा विचार तिथंच बंद पडतो. हात वर केलेल्यांतूनच निवडू नका.

विषयाबाहेरचे प्रश्न येतातच. फळ्याच्या उजव्या कडेला फूटभर पट्टी आखून ‘थांबलेले प्रश्न’ असं लिहा. एका वेळी तीनच, चौथा आला तर लेकरांनीच ठरवायचं कुठला पुसायचा. शनिवारी सकाळच्या शाळेत वीस मिनिटं त्यांना. तिथं एकदा टाकलेला प्रश्न शनिवारी घेतला नाही तर पुढच्या महिन्यात ती पट्टी कोरी राहते.

वहीत तीन खुणा ठरवा आणि पहिल्या पानावर त्यांचा अर्थ लिहून पालकाची सही घ्या. बरोबरची खूण. गोलात ‘क’, म्हणजे ‘कसं काढलं ते सांग’. आणि अधोरेषा, म्हणजे इथून चुकलं, पुढचं परत कर. फुली नाही. ‘क’ नंतर लेकरानं सांगितलं की त्याच गोलाशेजारी तारीख टाकून बरोबरची खूण करा. तारखेमुळं पालकाला दिसतं की वही दोनदा तपासली. निबंधाच्या वहीत पहिल्या वाचनाला लाल पेन उचलायचंच नाही, काय म्हणायचंय ते बघायचं. दुसऱ्या वाचनात एकाच प्रकारची चूक धरायची, या आठवड्यात फक्त पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ.

समितीत विषय निघालाच तर शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ वाचून दाखवा. मुलाला भीतीतून मोकळं करणं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडता येणं, हे त्यात लिहिलेलं आहे. पण कायद्यापेक्षा वही जास्त बोलते. आणि ‘सगळं चालवून घेतलं तर?’ या तुमच्या मूळ शंकेला जॉन ड्यूई या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं एक म्हणणं आहे: मोकळ्या मनाबरोबर त्यानं झोकून देणं आणि जबाबदारी अशा आणखी दोन वृत्ती सांगितल्या. जबाबदारी म्हणजे घेतलेल्या म्हणण्याचे परिणाम शेवटपर्यंत तपासणं. ३५ ऐकून घेतलं, तर ३५ अधिक २७ किती होतात तेही लेकराकडून करून घ्यायचं. ६२ आले की पुढं तेच बोलेल.

तुमचंही फळ्यावर चुकतं तेव्हा पटकन पुसू नका. चुकलेलं तसंच ठेवून शेजारी दुरुस्ती लिहा. लेकरं पाट्या लपवणं त्यानंतर कमी करतात.

कोरडवाहू_गुरुजी (परभणी जिल्हा)

खुणांचं उद्याच ठरवतो. पाटीवरचं_गणित, शेवटचं एक: ५०३ − १६८ ला काही जणांचं ३४५ येतं. हे कुठल्या ढिगात?

पाटीवरचं_गणित

वेगळा ढीग करा त्यांचा, ते बरंच पुढं आलेले आहेत. खरं उत्तर ३३५. त्यांनी ५ चा ४ केला, मधल्या ० चे १० केले, त्यातून एककाला एक दशक दिलं, १३ − ८ = ५ बरोबर काढलं; पण दिल्यावर १० चे ९ करायचे राहिले, म्हणून १० − ६ = ४. (४६५ आलं असेल तर ती पहिलीच चूक, लहान अंक मोठ्यातून.)

शंभराच्या पाच नोटा आणि एक-एक रुपयाची तीन नाणी द्या, खेळण्यातली चालतील, आणि १६८ मागा. एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून दहा रुपये सुट्टे. मग काही द्यायच्या आधी टेबलावरच्या दहाच्या नोटा मोजून घ्या म्हणा. नऊ असतात. वहीत त्या ० वर आधी १० लिहून खोडायचे आणि ९ लिहायचे, दोन्ही दिसले पाहिजेत. मग ७०४ − २५७ आणि ९०० − ३४६ द्या. पहिल्याचं ४४७, दुसऱ्याचं ५५४. दुसऱ्याला ५६४ आलं तर नोटा परत काढा.